चौदाव्या बेंडची सातवी जागा

मंगळवार, ता. ११

चि. बारक्या,

तुझं पार्सल काल दुपारी मिळालं. काय काय मिळालं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही गळालं असेल तर तुला कळेल. ह्यांच्यासाठी लोकरी स्वेटर एक. माझ्यासाठी निळी शाल एक. गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली एक, बूच सैल असल्यामुळे पाव बाटली सांडलेली, म्हणून शालीच्या एका कोपऱ्याला डाग. तुझा लेख छापून आलेलं जाड मासिक एक. चार ओळींची चिठ्ठी एक. तिकिटं कमी लावली होतीस, पोस्टमनला वर आठ रुपये द्यावे लागले. तो म्हणाला, एवढ्या मोठ्या संस्थेत वजनकाटा नाही का? मी म्हटलं, आमचा भाऊ पाइपांचं मोजतो, पार्सलांचं नाही.

स्वेटर ह्यांना सैल होतो. खांद्यात दोन बोटं आणि पोटात चांगला वीतभर. तुझ्याकडे माप जुनं होतं. त्यात तुझा दोष नाही, दीड वर्षात तू ह्यांना पाहिलेलं नाहीस.

इकडची खुशाली म्हणजे आम्ही दोघं हिंडतीफिरती आहोत. देवाची कृपा. स्वयंपाकघरातला नळ गळत होता तो ह्यांनी घरीच बसवला. हे अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठतात. दाढी करतात, बुटांना पॉलिश करतात आणि मग बूट जागेवर ठेवून, चपला घालून खुर्चीत बसतात. मी एकदा म्हटलं, पॉलिशची डबी संपत आली, कशाला उगाच? तर म्हणाले, "बोलावणं आलं तर धावपळ नको." कामावरून घरी बसवल्यापासून सोळा महिन्यांत बोलावणं आलं ते चौकशी समितीचंच.

कोपऱ्यावरचा दुकानदार परवा साखर तोलताना म्हणतो, "तुमच्यासमोर तोलतोय हं, आमच्याकडे घरबसल्या मोजणी नसते." दुकानातले चारजण हसले. मी पुडी परत काट्यावर ठेवायला लावली. पन्नास ग्रॅम कमी निघाली. मग कोणी हसलं नाही.

आता तुझ्या लेखाविषयी.

मी जेमतेम मॅट्रिक. परक्या भाषेतलं मला अक्षर अक्षर जोडून वाचता येतं, अर्थ लागत नाही. पण तुझं नाव पहिल्या पानावर वाचता आलं. फोटोही चांगला आलाय, केस कमी झालेत. देवासमोर ठेवला तो लेख. नंतर पानं उलटताना एक आलेख दिसला. आकड्यांना भाषा लागत नाही रे. मी तो बराच वेळ बघत बसले आणि मग मासिक घेऊन वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंकडे गेले.

त्या भल्या आहेत. चष्मा लावून त्यांनी मला समजेल असं सांगितलं. स्टेनलेस स्टीलच्या पाइपात गंज आणि रेतीची झीज एकत्र आली तर पाइप किती वर्षं टिकेल, हे आधी कळावं म्हणून तू गणिताचं मॉडेल बांधलंयस. पूर्वीचे लोक दोन्ही नुकसानं वेगवेगळी काढून बेरीज करायचे, ती बेरीज कमी पडते. दोन्ही मिळून जे खातात ते बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि ते वरचं जास्तीचं कसं मोजायचं हे तू दाखवलंस.

"आणि हा ठिपका बघा," बाई म्हणाल्या. "सगळ्या ठिपक्यांची ओळ अशी सरळ उतरतेय आणि हा एकटा खाली पडलाय. लिहिलंय की आधी ही यंत्राची चूक समजून बाजूला ठेवली होती. नंतर लक्षात आलं, दोघं एकमेकांना हात देतात याचा पहिला पुरावा हाच."

"किती आहे तो?"

त्यांनी पट्टी लावली. "चार पूर्णांक सहा मिलिमीटर जाडी."

"शेजारी काय लिहिलंय?"

"बेंड चौदा, जागा सात."

"आणि मोजणाऱ्याचं नाव?"

त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली, मागचं पान बघितलं. तुझ्या गुरूंचे आभार आहेत, संस्थेचे आहेत, तुझ्या बायकोने धीर धरला म्हणून तिचेही आहेत. "नाव नाही. कारखान्यातल्या नोंदींवरून, एवढंच." मग मासिक मिटून म्हणाल्या, "हुशार आहेत हो तुमचे भाऊ."

मी म्हटलं, "लहानपणापासून."

बारक्या, रजिस्टरात ४.६ कुठेच नाही. रजिस्टरात ५.७ आहे. समितीने ते पान मोठं करून भिंतीवर लावलं होतं, ह्यांना त्याच्यासमोर उभं करून विचारलं होतं. म्हणजे ४.६ या जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता. ह्यांच्या खिशातल्या डायरीत. आणि ती डायरी तुला मिळालीच नाही, फक्त रजिस्टर मिळालं, असं तू समितीला सहीनिशी कळवलंयस.

आज इथेच थांबते. हात दुखतोय. फोन करणार नव्हतेच. तुझा फोन लागला तर तू मीटिंगमध्ये असतोस, आणि बोललेलं वाऱ्यावर जातं.


गुरुवार, ता. १३

पत्र काल टाकणार होते, पाकिटावर पत्ताही लिहिला होता. पण काल दुपारी घरी जी आली तिच्यामुळे राहिलं. ते नंतर लिहिते. आधी पहिल्यापासून लिहिते. तुला यातलं पुष्कळ माहीत आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र तुझ्यानंतर आणखी कोणाच्या हाती पडलं तर त्यालाही समजायला हवं. याची नक्कल मी ठेवते आहे.

तुला आठवतं, ह्यांनीच कारखान्याच्या साहेबांच्या मागे लागून पाइप किती टिकतील याचा अंदाज काढायचं काम तुझ्याकडे आणलं. "घरातला मुलगा आहे, मोठ्या संस्थेत शिकतोय, मोजण्या फुकट पडून आहेत, त्याला द्या." तू चार दिवस आमच्याकडे राहायला आलास. माझं स्टीलचं ताट हातात घेऊन मला शिकवायला बसलास. म्हणालास, "ताई, स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी साय असते. ती आहे तोवर आतलं पोलाद सुरक्षित. खरवडली गेली तर आपोआप पुन्हा धरते."

हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आणि कोणी खरवडतच राहिलं तर?"

"ती झीज, भावोजी. ती वेगळी मोजायची, गंज वेगळा मोजायचा, मग बेरीज."

"बेरीज कशी होईल? साय धरायला उसंत तर मिळायला हवी. आमच्या पाइपातून जमिनीच्या पोटातलं गरम खारं पाणी येतं, त्यात बारीक रेती. बेंडवर पाणी वळतं, रेती वळत नाही, ती सरळ जाऊन पाठीवर आपटते. साय गेली की खारं पाणी चावतं. चावून भुसभुशीत झालेलं परत रेती घेऊन जाते. दोघं मिळून खातायत ते. तुझ्या बेरजेत बसायचं नाही."

तू हसलास. "भावोजी, आकडे दाखवा, आकडे. पाइपाला कान लावून मॉडेल होत नाही."

त्यांनी ते मनावर घेतलं. आधी दर तीन महिन्यांनी नेमाने मोजायचे, त्यानंतर देवाचं करावं तसं मोजायला लागले. शिडी लावायची, गरम पाइपावरचं आवरण सोडवायचं, स्टील पुसायचं, यंत्राच्या टोकाला ते चिकट जेल लावायचं आणि एकेका बेंडवर बारा जागी स्टीलची जाडी मोजायची. त्यांच्या बाह्यांना लागलेलं जेल मी धुतलंय, मला माहीत आहे कोण शिडीवर चढत होतं आणि कोण कँटीनमध्ये बसून आकडे भरत होतं. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून डायरीतलं रजिस्टरात मी उतरवायची. सगळ्या कारखान्यात आमच्या रजिस्टरासारखं रजिस्टर नव्हतं. साहेब म्हणायचे, छापल्यासारखं आहे. मलाही त्याचा अभिमान होता. अभिमान वाईट, हे रोज प्रार्थनेत म्हणते आणि रोज विसरते.

चौदाव्या बेंडची सातवी जागा, म्हणजे पाइपाच्या चौदाव्या वळणाची बाहेरच्या बाजूची पाठ. तिचे आकडे मला पाठ आहेत. ६.१, ६.०, ५.९, ५.८. त्यानंतरच्या फेरीहून हे घरी आले ते अंग तापलेलं. जेवले नाहीत. डायरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "चौदाचं सात बघ. साहेबांना सांगितलंय मी, ते म्हणाले रजिस्टर येऊ दे." आणि पडले ते तीन आठवडे उठले नाहीत. विषमज्वर निघाला.

त्याच आठवड्यात तुझा फोन. तुला महिनाअखेरीच्या आत मॉडेल द्यायचं होतं. मी एकीकडे कपाळावर घड्या ठेवत होते आणि एकीकडे तुला आकडे वाचून दाखवत होते. चौदाच्या सातला तू थांबवलंस.

"परत वाच."

"चार पूर्णांक सहा."

"कसं शक्य आहे? बाकीचे सगळे गुण्यागोविंदाने एकेक दशांश उतरतायत. भावोजींना विचार."

"ते तापात आहेत. मला ओळखेनात सकाळी."

"मग मोजलं तेव्हाही ताप असणार. जेल कमी पडलं असेल, हात हलला असेल. असा एक आकडा असला की सगळं मॉडेल बिघडतं, ताई. लोक मला हसतील." मग लाडात आलास. "तू तर हिशेबात पक्की. तूच सांग, गेल्या चार वेळांवरून या वेळी किती यायला हवं?"

मी म्हटलं, "पाच पूर्णांक सात."

"बघ. तुला कळतं, त्या यंत्राला नाही कळत." आणि म्हणालास, "कच्ची डायरीही रजिस्टराबरोबर पाठव. लगेच परत करतो."

तू "५.७ लिही" असं म्हणाला नाहीस. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे. तू फक्त विचारलंस. रजिस्टरात त्या चौकटीपुढे मी पेन धरून बसले होते. घरखर्चाच्या वहीत असं व्हायचं माझं. एखादा आकडा जुळला नाही की जीव अस्वस्थ होतो, आणि जुळला की रात्रीचं जेवण गोड लागतं. ५.७ लिहिला. ओळ सुंदर दिसली. हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही असं मी इतके दिवस धरून चालले. आणि तूही तसंच धरून चाललास की ताई कशाला तोंड उघडेल.

पुढचं तू केलंस. मॉडेल छान जमलं. चौदाव्या बेंडला अजून अकरा वर्षं काही होत नाही, असं त्यातून निघालं. तीन तीन महिन्यांनी शिडी लावायची गरज नाही, वर्षातून एकदा पुरे. साहेब खूश, त्यांचा खर्च वाचला. तुला डॉक्टर पदवी मिळाली. आम्ही इथे शेजारपाजारी पेढे नाही तर निदान साखर वाटली.

आता मुख्य. आतापर्यंत लिहिलं ते लिहायला सोपं होतं.

हे तापातून उठले, अंगात चार पावलं टाकायचीही ताकद नव्हती, आणि पहिलं काय विचारलं असेल? भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "चौदाच्या सातचं रीडिंग लिहिलंस ना?"

मी म्हटलं, "लिहिलं. सगळं लिहिलं."

खोटं नव्हतं ते, बघ. काहीतरी लिहिलं होतंच. देवासमोर मी हेच सांगत आले. पण त्यांनी काय विचारलं होतं ते मला कळलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर रजिस्टर पोस्टात होतं, तुला फोन करता आला असता, साहेबांना चिठ्ठी देता आली असती. पण मला वाटलं, आजारी माणूस, उगाच चिडेल. खरं म्हणजे मला माझी लाज वाटली. त्यांनी दोनदा अर्ज केला, चौदावा बेंड पुन्हा मोजू द्या. साहेबांनी दोन्ही वेळा तुझा अहवाल पुढे केला. "तुमचंच रजिस्टर आणि तुमचाच मेहुणा, आता तुम्हीच शंका काढता?"

त्या मोजणीनंतर आठव्या महिन्यात, सकाळी सव्वादहाला तो बेंड फाटला. खाली फिटर काम करत होता. नाव कोणी घ्यायचं नाही त्याचं, सगळे शिट्टीच म्हणायचे, कारण काम करताना तोंडाने सतत शिट्टी. नऊ दिवस दवाखान्यात काढले त्याने. लोक म्हणतात त्या नऊ दिवसांत एकदाही कण्हला नाही. मला ते खरं वाटत नाही. लोक असं म्हणतात ते स्वतःसाठी.

समितीने रजिस्टर उघडलं. पाइपाच्या तुकड्यावर मोजलं तर पाठ कागदासारखी झालेली, आणि वहीत ५.७. त्यांनी विचारलं, हे रजिस्टर तुमचं? हे म्हणाले, माझं. हे रीडिंग तुम्ही घेतलं? ह्यांनी पान पाहिलं. मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं की ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "रजिस्टर माझं आहे, जबाबदारी माझी." कच्ची डायरी मागितली तर म्हणाले, घरात शोधतो. मी सांगितलं, बारक्याला पाठवली होती. तुला फोन केला, आणि तू म्हणालास, "डायरी? नाही भावोजी, नुसतं रजिस्टर होतं."

त्या दिवशी चौकशीहून घरी आले, हातपाय धुतले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं अक्षर छान आहे. सगळ्यांनी कौतुक केलं." त्यानंतर हा विषय आमच्या घरात कोणी काढलेला नाही. सोळा महिने. एका ताटाला दोन माणसं आणि मध्ये तो आकडा.

काल शिट्टीची बायको आली होती. तो गेल्यानंतर प्रथमच. मी दार उघडलं. ती आत येऊन जमिनीवरच बसली, खुर्ची दिली तर नको म्हणाली. हे बाहेर गेले होते, देवाने तेवढं केलं.

म्हणाली, "अठ्ठावीस तारखेला शेवटची सुनावणी आहे. मला साक्षीला बोलावलंय. लोक मला सांगतात, असं असं म्हण, तो घरी बसून आकडे भरायचा असं म्हण. म्हणजे गुन्हा दाखल होईल."

मी पाणी दिलं.

"पण आमचे हे वेगळंच सांगायचे. म्हणायचे, एकच माणूस आहे जो शिडी धरायला बोलावतो, बाकीचे सही करायला बोलावतात. चौदावर तुमचे हे शेवटचं चढले तेव्हा शिडी आमच्या ह्यांनीच धरली होती. मग तो माणूस खोटं कसं लिहील? मला कळत नाही ताई. मी कोणाला शिव्या द्यायच्या तेवढं तरी मला कळू दे."

मी म्हटलं, "चहा टाकते."

म्हणाली, "चहा नको. तुम्ही देवाधर्माच्या आहात, म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही सांगाल ते मी तिथे सांगेन."

आणि मी चहा टाकला. तू मला ओळखतोस. मी चहा टाकला, साखर विचारली, ती बिचारी अर्धा कप प्याली आणि गेली. दारात म्हणाली, "विचार करून सांगा." तिच्या पायातल्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, काळ्या चपलेला पांढऱ्या दोऱ्याने.

हे परत आल्यावर मी सांगितलं. सगळं. तुझा फोन, माझं पेन, "लिहिलं" म्हटलं ते. त्यांच्यासमोर तुझं मासिक उघडून ठेवलं आणि गणिताच्या बाईंनी दाखवलं तसं बोट ठेवून दाखवलं. ते आलेखाकडे बघत होते.

"अक्षर तुझं होतं, ते पहिल्याच दिवशी कळलं होतं," म्हणाले. "मला वाटलं मीच तसं सांगितलं असेन. तापात."

"नाही. तुम्ही ४.६ लिहिलं होतं."

"डायरी त्याच्याकडे आहे?"

"आहे. नाहीतर हा ठिपका आला कुठून?"

मी वाट बघत होते, आता बोलतील, हात उगारतील, काहीतरी करतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा तो ठिपका बघितला. म्हणाले, "म्हणजे मी नीट मोजलं होतं."

बारक्या, सोळा महिने हा माणूस रोज त्या खुर्चीत बसून स्वतःला विचारत होता, त्या दिवशी आपल्याला ताप होता, आपला हात हलला का, आपण ४.६ खरंच पाहिलं होतं का. अर्ज दोनदाच का केला, तिसऱ्यांदा का नाही, तर आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला म्हणून. हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते ते माझ्यावर रागावलेत. तेवढी सुद्धा त्यांना सवड नव्हती.

तुझा एकट्याचा शब्द काय करू शकला असता? ह्यांच्या कानावर गेला असता तर ह्यांनी तुला दोन मिनिटांत गप्प केलं असतं. आणि माझं एकटीचं पेन तर सतरा वर्षांत कधी चुकलं नव्हतं. तू विचारलंस आणि मी लिहिलं, म्हणून शिट्टी गेला. तू तुझ्या लेखात हेच सिद्ध केलंयस म्हणे. आमच्या घरात तुला त्यासाठी प्रयोगशाळा फुकट मिळाली.

मला राग आलाय, तो डायरी लपवलीस याचा आहेच. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे गोष्टीत ऐकलं होतं, आपल्या पोराने करून दाखवलं. हो, पोरच म्हणते. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी चौदाची. पण जास्त राग कशाचा आहे सांगू? तुला कळलं होतं. केव्हातरी, बेंड फाटल्यावर म्हण किंवा आधी म्हण, तू ती डायरी परत उघडलीस, तो ४.६ पुन्हा बघितलास, आणि तुला कळलं की भावोजी बरोबर होते. जेवताना ते जे म्हणाले होते ते शब्दन् शब्द खरं होतं. त्यावर तू नवं मॉडेल बांधलंस. त्यांचा आकडा चांगला म्हणून घेतलास आणि ते स्वतः खोटे म्हणून उभे राहू दिलेस. एकाच वेळी दोन्ही. एवढी साय माझ्या भावाच्या अंगावर कधी धरली, मला कळलं नाही.

तू म्हणशील, ताई, माझी नोकरी जाईल, पदवी जाईल. कदाचित जाईल. माझ्यावर काय येईल ते मलाही माहीत नाही, गणिताच्या बाई म्हणतात वकिलाला विचारा. मी विचारणार नाही. वकील मला गप्प बसायला सांगेल आणि ते मला न शिकवता येतं.

हे म्हणतात, "त्याला लिहू नकोस. त्याचं आयुष्य आता सुरू होतंय." आजही असंच म्हणाले. मी ह्यांचा शब्द सहसा मोडत नाही. हा मोडते आहे.

अठ्ठावीसला मी जाणार आहे. शिट्टीच्या बायकोला आज सकाळी जाऊन सांगून आले की तिने काय सांगायचं ते तिने माझं ऐकल्यावर ठरवावं, आणि काय ऐकणार आहे तेही सांगितलं. तिने दार लावून घेतलं. मला ते बरं वाटलं. कोणीतरी नीट वागलं माझ्याशी.

माझ्या एकटीच्या बोलण्यावर समिती विश्वास ठेवेलच असं नाही. म्हणतील, नवऱ्याला वाचवायला बायको अंगावर घेते. डायरी समोर आली, ह्यांच्या कोंबडीच्या पायांतला ४.६ आणि त्यापुढची तारीख दिसली, तर कोणाला काही म्हणता येणार नाही. ती रजिस्टर्ड टपालाने पाठव. जाड पाकिटात घाल, तिकिटं पुरेशी लाव. आणि सोबत तुझ्या हाताने लिही की हा आकडा तुला फोनवर ऐकवला होता आणि तू तो बाजूला ठेवायला लावलास. माझ्याविषयी जे खरं आहे ते लिही, कमी करू नकोस. स्वतः आलास तर खोली झाडून ठेवली आहे.

नाही पाठवलीस तरी मी जाणार. तुझा लेख बरोबर घेऊन जाईन आणि त्यांना तो ठिपका पट्टी लावून मोजायला सांगेन. मग तुला ज्या दारातून बोलावतील त्या दारातून ये.

टपालाला जायला चार दिवस, यायला चार दिवस. तुला विचार करायला सहा उरतात. इतका वेळ मी त्या चौकटीपुढे घेतला नव्हता.

आशीर्वाद लिहायच्या जागी आले आणि हात थांबला. तेवढं उत्तर आल्यावर लिहीन. डायरी निघाली की नाही, उलट टपाली कळव.

तुझी
ताई